लाल दोऱ्याचं सर

आमच्या माडीवर एक सर ऱ्हायला हुतं. त्येंच्या दोन चपलांतल्या एकीला लाल दोरा बांदल्याला असायचा. बादल्या दोन, एकीच्या कडीला लाल दोरा. टावेल दोन, एकाच्या कोपऱ्याला लाल दोरा. कुलपाच्या किल्ल्या दोन, त्यातल्या एकीला बी त्योच. पैल्यांदा बगितलं तवा मला वाटलं, ह्या मानसावर कुनीतरी करनी केलीया.

"सर, ह्ये काय वो? बादलीला नजर लागतीया व्हय कुनाची?"

"नाही मावशी," सर म्हनलं, "दोन वस्तू अगदी सारख्या असल्या की त्यांच्याबद्दल बोलताच येत नाही. 'ती बादली आणा' म्हटलं, तर कुठली? दोरा बांधला की बोलता येतं."

"आवं पर चपलीचं काय? डावी-उजवी तर दिसतीया की."

सर चपलांकडं बगत ऱ्हायलं. लय वेळ बगितलं. मग म्हनलं, "हो की. तिथे माझी चूक झाली."

पर दोरा काय काढला न्हाई.

आमचं गाव पलूसच्या अल्याड, ऊसाच्या रानात. सर साताऱ्याचं. सांगलीच्या रस्त्याला कालेज हाय, तितं पोरास्नी कंपूटर शिकवायला आलं आन् आमच्या हितं टेकलं. लगीन केल्यालं न्हवतं. जेवान माज्या चुलीवर. कुनी इचारलं, सर कसं हुतं, तर मी म्हनीन, चांगलं हुतं पर जरा यडं हुतं. यडं म्हंजी वाईट न्हवं. श्याना मानूस कवा कुनात भांडान लावंल सांगता येत न्हाई. यड्याचं तसं नसतंय.

जेवायला बसलं की पैली भाकरी ताटात घिऊन नुसती न्याहाळायचं. माजी भाकरी गोल, त्यात माजं नाव हाय गावात. एकदा म्हनलं, "मावशी, मी डोळे मिटतो. तुम्ही भाकरी ताटातल्या ताटात फिरवा, नाहीतर फिरवू नका. मी ओळखतो."

मी फिरवली. सरांनी डोळं उगडलं.

"काहीच कळत नाही!" अशी खूश झाली स्वारी, जसं काय कळलंच. "गोल आहे ना. कशीही फिरवा, तशीच." मग एक घास मोडला. "आता फिरवा." मी फिरवली, तर मोडल्यालं त्वांड माज्याकडं आलं. "बघा! आता कळलं. मोडल्याशिवाय बातमी नाही मावशी. अख्ख्या भाकरीत काही लिहिता येत नाही. कंप्युटरच्या पोटात हेच चालतं. एवढीशी जागा असते. ती इकडे झुकेल नाहीतर तिकडे. झुकत नाही तोवर काही माहीत नाही. झुकली की एक गोष्ट कळली."

"सर, कालवान गार हुतंय."

"ते तर होणारच," सर म्हनलं, आन् कालवान का गार हुतंय त्येच्यावर बी बोलत बसलं. तवर ते गार झालं.

खोली तर इचारूच नगा. कागुद, तारा, कपडं, च्याचं कप. मी बोलले तर म्हनलं, "मावशी, हे मी करत नाही, आपोआप होतं. वस्तू विस्कटायच्या वाटा हजार, आणि नीट राहायची एखादीच. मग बहुतेक वेळा विस्कटलेलंच दिसणार. ह्याला एन्ट्रॉपी म्हणतात."

"आमी पसारा म्हन्तो," मी म्हनलं आन् केरसुनी हातात दिली. "घ्या, काढा तुमची यंट्रापी."

झाडली बिचाऱ्यांनी खोली. झाडताना बी कचऱ्याकडं बगून हसत हुतं.

थंडीच्या दिसात आमची मांजरी सरांच्या कंपूटरावर जाऊन झोपायची. मी हाकलाया गेले तर म्हनलं, "राहू द्या. ऊब आहे तिथे. मशीन विसरतंय ना, म्हणून तापलंय."

"इसरल्यावर तापतंय?"

"तापण्याची कारणं पुष्कळ आहेत. पण एक गंमत बघा. बाकी सगळं काटकसरीनं करता येईल, पण पाटी पुसायची म्हटली की थोडी तरी ऊब बाहेर टाकावीच लागते. ध्यानात ठेवायला नाही लागत. विसरायला लागते. त्यातनं सुटका नाही."

मी म्हनलं, "मग मी कवाच भाजून मेले असते, सर. लय इसरलीया मी."

सर हसलं. रातच्याला जेवताना त्येंनी मला माजी सगळी कथा इचारली. कुनी इचारली न्हवती तवर.

मी काय शाळा शिकल्याली न्हाई. मालक मिल्ट्रीत हुतं. पोरं पोटात असताना गेलं ते आलंच न्हाईत, त्येंची पत्र्याची काळी पेटी तेवडी आली. अजून हाय. ज्वारी ठिवते मी तिच्यात. जुळी पोरं झाली, विलास आन् कैलास. एका साच्यातनं काढल्याल्या दोन गुळाच्या ढेपा. रडायची बी एकदमच. एकाला घ्यावं तर दुसरं आभाळ डोक्यावर घ्यायचं. मी दुस्काळी कामावर खडी फोडाय जायची. झाडाखाली दोगं एका झोळीत. दिसभर घन मारल्यावर डोसक्यात कायबी ऱ्हायचं न्हाई. मगाशी आदी कुनाला पाजलं, आता कुनाला पाजू? म्हनून मी काळा दोरा केला. ज्येला आदी पाजलं त्येच्या मनगटाला बांदायचा. फुडच्या वक्ताला ज्येच्या हातात दोरा न्हाई त्यो पैला, आन् दोरा त्येच्या हातात. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. माज्या वतीनं दोरा ध्यानात ठिवायचा.

ह्ये आयकून सर ताटावरनं उठलं. खरकट्या हातानंच.

"मावशी! कंप्युटरात जे असतं ते तुम्ही पोराच्या मनगटाला बांधलं होतं!"

"आसंल. मला दूध पाजायचं हुतं."

त्या दिसापासनं सर माज्या पोरांकडं लय कवतिकानं बगायचं. पर वळकाय कवा आलं न्हाईत. गावाला येत्यात, चालन्यावरनं, खोकन्यावरनं. सरांस्नी न्हाई. समोर आला की इचारायचं, "आपण कोणते?" एकदा एकाला लाल दोरा बांदाय निगालं हुतं. त्यो म्हनला, "सर, मी काय बादली हाय का?"

आता पोरांचं सांगते. तवा ती बाप्ये झाल्याली, लेकराबाळांची. वाटनी झाली हुती. दोरी लावून वाटनी, तसूभर हिकडं न्हाई का तिकडं न्हाई. घर मदनं वाटल्यालं, मदल्या सोप्यात माजी चूल. हीर तेवडी एक, तिच्यावर मोटारी दोन. वाटनी झाल्यावर भांडान झालं ते जमिनीवरनं न्हवं. पैलं पानी कुनाचं, त्येच्यावरनं.

"मी थोरला," विलास म्हनला.

"घागर भरून आनाय जेवडा येळ लागतोय तेवड्यानं थोरला! म्हनं थोरला!" कैलास म्हनला.

तितनं अबोला. दोगं बी रोज माज्याकडं यायची, पर भाईर दुसऱ्याच्या चपला दिसल्या की मागं फिरायची. मी चुलीपाशी बसून पावलं आयकायची. आली. थांबली. गेली. मी रडनारी बाई न्हवं. पर येक घोर लागला जिवाला. मी हाय तवर ह्या घराला मदला सोपा हाय. मी गेल्यावर ह्ये दोगं एकमेकाच्या मातीला तरी येत्याल का?

आन् मग मोटारीचं झालं. दोन्ही आटोवर. लाईट आली की दोन्ही एकदम उचलायच्या, आन् डीपीवरचा फ्यूज फाट्टदिशी जायचा. वायरमन फ्यूज घालायचा आन् शिव्या द्यायचा. "आरं, एकाचा टायमर मागं करा की! एक सुरू झाल्यावर दुसरी उचलंल."

"त्यो करू दे की मागं," विलास म्हनला.

"त्येला सांगा," कैलास म्हनला.

दोगं एकाच वायरमनशी बोलत्यात, एकमेकाकडं पाठ करून. मग दोगांनी बी आटो काढला. दुसऱ्याची सुरू झाली की मग आपली करू, असा इचार दोगांचा बी. बसली बांदावर. लाईट आली, लाईट गेली, थेंब पानी न्हाई. ऊसाचं शेंडं पिवळं पडाय लागलं. दुसऱ्या दिशी दोगांस्नी एकदमच राग आला, दोगांनी एकदमच बटान दाबलं. फाट्ट.

मी सरांफुडं बोलले तर सरांचं डोळं असं चमाकलं, जनू काय घरात बारसं निगालंय.

"मावशी, दोष कोणाचाच नाही. दोघं सारखे आहेत, एवढाच दोष. आमच्याकडेही असंच होतं. दोन कंप्युटर एका तारेवर एकदम बोलायला लागतात, दोघांचं बोलणं फुकट जातं. मग दोघं गप्प बसतात. आणि परत एकदमच बोलतात."

"मग तुमी काय करता?"

"नाणं उडवतो."

सर रानात गेलं. दोगांस्नी एकेक नानं दिलं. "लाईट आली की उडवायचं. छापा पडला तर लगेच बटण. काटा पडला तर तंबाखू मळायची, खायची, मग बटण. दोघांचंही सारखंच पडलं आणि फ्यूज गेला, तर परत उडवायचं. कधीतरी वेगळं पडणारच."

"सर, ही शेती हाय का क्रिकेट?" विलास म्हनला.

"अहो, मागे राहिलात तर तुम्ही नाही हरला. नाणं हरलं."

ह्ये मातर पटलं गड्यांस्नी. भावाफुडं मागं सरायची लाज हुती, नान्याफुडं न्हवती. लाईट आली की बांदाच्या हिकडं एक नानं वर जायचं, तिकडं एक. गावातली बिनकामाची मानसं बगाय यायची. एक-दोन फ्यूज आनखी गेलं, पर पानी चाललं. ऊस हिरवा झाला. सर तर रानात उड्या मारायचं बाकी हुतं.

मी म्हनलं, "सर, तुमी तर आनखीच घोटाळा केला."

"का हो मावशी?"

"आदी फ्यूज गेला की निदान एकमेकाच्या नावानं बोंबलायची तरी. आता तेबी बंद झालं. नान्यानं काम भागतंय."

सरांचं त्वांड उतारलं. पायरीवर बसलं. चपलंचा लाल दोरा बोटानं कुरवाळत ऱ्हायलं.

"खरं आहे. नाण्याचा गुणच तो आहे. एकमेकांशी न बोलता काम चालतं." मग म्हनलं, "दुसरी एक रीत असते. तुमच्यासारखी, दोऱ्याची. ज्याच्याकडे दोरा तो पहिला, मग दोरा दुसऱ्याला. त्यात मात्र हातातनं हातात द्यावं लागतं. पण त्याची सुरुवात कोणीतरी करायला हवी. पहिल्यांदा दोरा कोणाच्या हातात?"

"म्हंजी पुन्यांदा तेच. पैला कोन."

"तेच," सर म्हनलं.

आईला इचारतासा व्हय, डावा डोळा का उजवा? मला न्हाई सांगता येत. म्हनून म्हनलं, देवीला इचारू. आमच्या देवीचा कौल लावत्यात. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या वल्या करतो, एक देवीच्या उजव्या अंगाला चिकटवतो, एक डाव्या. कुठली पडती त्येच्यावर देवीचं म्हननं. पाकळ्या सारख्या, दोन्ही अंगं सारखी. पडंस्तवर देवी काय बोलत न्हाई.

सरांस्नी ह्ये कळल्यावर आदल्या मंगळवारीच देवळात जाऊन बसलं. लोकांचं कौल बगत. कुनाच्या म्हशीचा, कुनाच्या सोयरिकीचा. "उजवी पडली!" करून उटायचं, जनू म्हस त्येंचीच. गुरवाला इचारलं, "दोन्ही एकदम पडल्या तर?"

"न्हाई पडत."

"पण पडल्या तर?"

"सर," गुरव म्हनला, "देवीची परीक्षा घ्यायला आलायसा का?"

माज्या पोरांस्नी मी येगयेगळा निरोप धाडला. आईनं कौल लावलाय, या. देवीच्या कामाला न्हाई म्हनायची टाप न्हाई कुनाची. दोगं आली. पांढरी कापडं, पांढरी टोपी. माज्या उजव्या अंगाला विलास, डाव्या अंगाला कैलास. मागं सर. मी देवीला म्हनलं, "उजवी पडली तर विलासनं आदी बोलायचं. डावी पडली तर कैलासनं. ह्यात हार न्हाई का जीत न्हाई. तूच सांग."

गुरवानं पाकळ्या लावल्या.

न्हाई पडंनात. समई तेवतीया, घंटा गप, आमी चौगं आन् गुरव पाकळ्यांकडं डोळं लावून. उजवी जराशी सरकली. विलास फुडं वाकला. उजवी थांबली. डावी सरकली. कैलास फुडं वाकला. डावी बी थांबली. आन् मग दोन्ही एकदम खाली.

"पडल्या!" सर वराडलं. "एकदम पडल्या!"

गुरवाचा चेहरा पांढरा. "माज्या जल्मात असं झालं न्हाई. सर, तुमीच कायतरी केलं."

"मी नुसता श्वास घेत होतो हो."

"आता," विलास म्हनला.

"आता," कैलास म्हनला. एकदमच.

दोगं गप. जरा वेळानं, "म्हंजी," विलास म्हनला. "म्हंजी," कैलास म्हनला. परत गप. आवाज बी एकच, खाकरनं बी एकच. झोळीत रडायची तशीच. गुरव तोंडावर उपरनं धरून हसाय लागला.

मला वाटलं, देवी म्हन्तीया, मला न्हाई निवडाय येत, मी बी आईच हाय. तुजं तूच बघ.

मी गुरवाच्या तबकातला काळा दोरा उचलला. डोळं मिटलं. आन् जाग्यावर गरागरा फिरले. म्हातारं मानूस, तोल गेला. मी पडीन म्हनून दोगं बी धावलं, ह्यो तिकडनं, त्यो हिकडनं, कोन कुठं हाय ते माजं मलाच कळंना. तवा हात फुडं केला. जे मनगाट घावलं त्येला दोरा बांदला आन् मग डोळं उगडलं.

"आज ह्यो पैला," मी म्हनलं. "उद्या ह्येनं सोताच्या हातानं ह्यो दोरा भावाच्या हातात बांदायचा. परवा त्येनं ह्येच्या. असंच पाजलंय तुमास्नी. आता असंच पाजा ऊसाला. आन् पैला म्हंजी बोलायला बी पैला. बोल."

दोरेवाला दोऱ्याकडं बगत ऱ्हायला. मग भावाकडं बगितलं आन् बोलला. काय बोलला? "वाटनीच्या दिशी माजा पाट का फोडलास रं?"

"तू माज्या पोराला बांदावरनं का हाकललंस?"

झालं. पेटलं देऊळ. पाट, बांद, पोरगं, सोयरं, लगनातला मान, शाळंतली पाटी कुनी फोडली ते बी निगालं. गळ्याच्या शिरा फुगल्या, टोप्या खाली पडल्या, कापडं घामानं भिजली. मी मदी पडाय गेले तर सरांनी माजा हात धरला. असा माजा हात त्येंनी पैल्यांदाच धरला आसंल.

"मावशी, तापू द्या," सर म्हनलं. "पुसलं जातंय."

मी बसले तितंच पायरीवर. लय तापली. मग शब्द सपाय लागलं. मग नुसत्याच धापा. एकजन खांबाला टेकला आन् म्हनला, "पानी हाय का कुटं?" दुसरा गेला आन् देवळामागच्या नळावरनं तांब्या भरून घिऊन आला. ज्येनं मागितलं त्येला आदी दिला, मग सोता प्याला. तवा मला कळलं, माज्या मातीला दोगं एकाच वाटंनं येत्याल. माजं काम झालं हुतं.

नानी दोन्ही पोरांनी सरांस्नी माघारी दिली. दोरा ऱ्हायला. आता त्यो जुना झाला, बदलला, परत बदलला. रोज सकाळी हिरीवर हातातनं हातात जातो. देता घेता तंबाखू बी जाते, बाजारभाव बी, एकमेकाची टिंगल बी. चुलीपाशी बसले की पावलं आयकते. आता थांबत न्हाईत.

सर फुडं पुन्याला गेलं, मोट्या नोकरीला. जाताना टावेल इसरून गेलं, लाल दोऱ्याचा न्हवं, दुसरा. फोन करत्यात मातर. नातवाच्या मोबायलवर त्येंचं त्वांड दिसतंय. अजून लगीन न्हाई. परवा बी फोन आला. तब्बेत, ऊस, मांजरी, समदं इचारून झालं, मग हळूच म्हनलं, "मावशी, एक विचारू? त्या दिवशी दोरा शेवटी कोणाच्या हातात बांधला गेला? मला दोघं सारखेच दिसतात हो. मी गुरवांना विचारलं, ते म्हणाले देवीचं देवीला माहीत. एवढी एकच गोष्ट मला सांगा."

"लय घोर लागलाय व्हय?"

"झोप येत नाही मावशी."

पोरं बी आता कवा काढत न्हाईत त्यो इषय. काढला तर एक म्हन्तो तुज्या हातात, दुसरा म्हन्तो न्हाई तुज्या, आन् दोगं हसत्यात. कुनाच्या हातात, त्ये फकस्त मला म्हाईत हाय. पर मी म्हनलं, "सर, आता ती भाकरी अक्खी झालीया. कशीबी फिरवा, कळायची न्हाई. मोडाय नगा लावू."

सर तिकडं हसत ऱ्हायलं. लय वेळ हसलं. मग म्हनलं, "मावशी, जेवायला काय केलंय?"